हातमोजेवाले सर

सरांनी मला नोकरी दिली ती एका तपकिरी बाटलीचे बूच उघडून. मी मराठीत एम. ए. झाले होते, कवितेची ओळ कानाशी धरून तिची लय ओळखण्यापलीकडे माझ्या हाताशी काही कसब नव्हते. अकोल्याच्या एमआयडीसीत रबरी हातमोज्यांचा एक लहान कारखाना आहे आणि तिथे पत्रव्यवहार सांभाळायला कुणीतरी हवे आहे, एवढ्या ऐकीव माहितीवर मी अमरावतीहून निघून बडनेऱ्याला गाडी धरली होती. सरांनी माझ्या प्रमाणपत्रांची पिशवी बाजूला सारली, बाटली माझ्या नाकापासून वीतभर लांब धरली आणि विचारले,

“काय येते?”

“वास येतो.”

“थे मलेबी समजते. कसा येते?”

मी डोळे मिटले. “झाकण ठेवून विसरलेल्या कोबीच्या भाजीसारखा,” मी म्हणाले. “पण ती मागे आहे. पुढे काहीतरी गोडसर आहे, जुन्या औषधांच्या कपाटासारखे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, काडी विझवल्यावर येतो तसा.”

सर खुर्चीत मागे रेलले. “केमिस्ट्रीवाले येतेत, हुंगतेत, अन् ‘उग्र’ म्हनतेत. उग्र म्हंजे काय वं? उग्र त माहा सोभाव हाये.” मग त्यांनी स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवले. “हे मेलं. अमोनियाच्या पिंपावर वाकून वाकून मेलं. उद्यापासून तुहं नाक कामाले.”

“सर, मी कविता शिकले आहे.”

“मंग त बरंच झालं. येकातून दुसरं निवडता येत असन तुले. मले तेवढंच पायजे.”

अशा रीतीने मी एका कारखान्याचे नाक झाले. पत्रव्यवहारही होता, पण तो दुपारनंतरचा.

सर उंच होते आणि मानेपासून किंचित पुढे झुकलेले, जणू सतत एखाद्या भांड्यात डोकावत असावेत. त्यांना स्वतःला कधीच कळला नाही असा एक वास त्यांच्याबरोबर चालत असे: अमोनियाची पातळ धार, तिच्याखाली गंधकाची पिवळी पूड आणि धुऊनही न गेलेला रबराचा आंबूस ओलावा. ते खोलीत यायच्या आधी तो वास यायचा आणि ते गेल्यावरही खुर्चीवर बसून राहायचा. वैशाखात अकोल्याची हवा पत्र्याच्या छपराखाली दाटून यायची, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. कारखान्यात एकच मोठा कूलर होता आणि त्याचे तोंड सरांच्या टेबलाकडे नव्हते, आमच्याकडेही नव्हते. ते रबराच्या कच्च्या चिकाच्या पिंपाकडे होते. पिंपावर ओले गोणपाट, गोणपाटावर वाळ्याचा गारवा, आणि शेजारी घामाने डबडबलेले सर, उकाड्यात ताटकळत. कुणी कुरकुरले की म्हणत, “तुले गरम झालं त तू बाहीर जाशीन. थे कुठं जाईन?”

केरळातून ट्रकने येणारा तो चीक खरोखरच दुधासारखा दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात बोट बुडवावेसे वाटले होते. सरांनी माझा मोह ओळखला आणि एका बशीत चमचाभर चीक ओतून उन्हात ठेवला. थोड्या वेळाने वर साय धरली. ती त्यांनी चिमटीत उचलली, ताणली, आणि ती तुटली.

“पाहिलं? निरा साय हाये. हिचे मोजे केले त बोटाबोटातून फाटतीन. हिच्यात गंधक टाकलं, गरम केलं, की आतल्या धाग्याले धागा बांधल्या जाते. मंग ताणा, सोडा, काई होत नाई. पन गंधक लय आळशी. येकटं सोडलं त दिवस दिवस बसते. म्हनून त्याच्या मागं कोनी ढकलनारा लागते.”

तो ढकलणारा म्हणजे त्वरक. कारखान्यात सगळे त्याला अॅक्सिलरेटरच म्हणत. चिमूटभर पुरतो, पण त्याच्याशिवाय हातमोजा होत नाही. वर्षानुवर्षे जे त्वरक वापरले जात होते, थायुरम आणि त्याची भावंडे, ते काम चोख करायचे. फक्त काम झाल्यावर जायचे नाहीत. रबरातच मुक्काम करायचे, घामाबरोबर हळूहळू पृष्ठभागावर यायचे आणि घालणाऱ्याच्या कातडीत शिरायचे. कुणाला काहीच व्हायचे नाही. कुणाचे हात मात्र असे पेटायचे की पुन्हा कधी विझायचे नाहीत. त्यातून भट्टीच्या उष्णतेत त्यांच्यापासून जे काही तयार होऊ शकते, त्याचा संबंध कर्करोगाशी जोडला जातो. सरांना हे सारे एका वाक्यात सांगायची सवय होती: “काम झालं की पाव्हन्यानं उठलं पायजे.” त्यांना असा त्वरक हवा होता, जो गंधकाला ढकलेल आणि भट्टीतल्या उष्णतेत स्वतः फुटून, वाफ होऊन, निघून जाईल. मला नोकरीच्या दिवशी हुंगायला दिलेली बाटली त्यातल्याच एकाची, झँथेटची होती. तो सरांचा शोध नव्हता, आणि तसे ते कुणाला भासवूही देत नसत. “जगात लोकायनं केलं हाये. मले थे अकोल्याच्या उनात करून पाहाचं हाये.” कारण हा नवा पाहुणा नाजूक होता. थंड प्रदेशात शहाण्यासारखा वागणारा, तो आमच्याकडे चैत्र लागला की पिंपातच काम सुरू करायचा आणि सकाळी चीक दह्यासारखा घट्ट झालेला असायचा. कूलरचे तोंड पिंपाकडे का होते, ते मला असे उमगले.

माणसांच्या चेहऱ्याकडे सर उशिरा पाहत. आधी हात. बडनेऱ्याच्या फलाटावरचा चहावाला, बँकेतली रोखपाल, बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ, कुणाचाही हात पाहून ते बोलून जात: “भांड्याची पावडर बदला,” “सिमेंटात उघडा हात घालत जाऊ नोका,” “ही अंगठी खोटी हाये, हिरवी खूण पडली पाहा.” एकदा नांदगाव खंडेश्वरला आमच्या एका कामगाराच्या मुलीचे लग्न होते. आदल्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा नवरीच्या दोन्ही हातांवर मेंदी चढत होती, काळीभोर, शाईसारखी. सरांनी बोटाने ती किंचित उचलली, माझ्या नाकापुढे धरली. मेंदीच्या पाल्याचा ओला, मातकट वास तिच्यात नव्हताच. केस रंगवण्याच्या दुकानासारखे काहीतरी झोंबले. मी तसे सांगताच सर उभे राहिले.

“धुवा. आताच्या आता.”

नवरीची आई म्हणाली, “अवो सर, काहून अपशकुन करून राहिले? लगन हाये पोरीचं!”

“लगन उद्या हाये. हात जलमभर हायेत.”

नवरी रडली, मामाने सरांना बाहेर काढायची भाषा केली, पण मुलीच्या वडिलांनी सरांच्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि स्वतः पाण्याची बादली आणली. जी मावसबहीण हट्टाने मेंदी ठेवून बसली, तिच्या मनगटावर वेलबुट्टीच्या आकाराचे फोड उठले; फूल न् फूल उठून दिसत होते. लग्नातल्या फोटोत नवरीचे हात फिकट नारिंगी दिसतात. ती आज शेंदूरजनाघाटला आहे आणि सरांचा विषय निघाला की अजून नाक मुरडते.

हाताविषयीचा हा ध्यास कुठून आला, ते मला सरांनी सांगितले नाही. ते मला त्यांच्या बहिणीने सांगितले.

त्या अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात प्रसूतिकक्षात सिस्टर होत्या. सरांहून बऱ्याच लहान. मी त्यांना ताई म्हणे. माझे घर अमरावतीचे असल्यामुळे सरांचा निरोप किंवा फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे जाई. पहिल्या भेटीत त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि मी त्यांची बोटे पाहिली. सांध्यासांध्यावर कातडी कोरड्या तळ्यासारखी फाटली होती. नखांच्या मुळाशी लाल, ओलसर रेघा. त्यांनी कप ठेवला आणि हात पदराखाली घेतले, इतक्या सहजपणे की ती हालचाल जुनी असल्याचे लक्षात यावे.

“दादाचेच मोजे होते,” त्या म्हणाल्या. “कारखान्यातून पयला माल निघाला तं दादा सोता डबा घेऊन आला. म्हने, माही बहीन दुसऱ्याचे मोजे काहून घालन? मंग दर मयन्याले येत गेला. मीबी मिरवलं. पुऱ्या वार्डात सांगे, हे माह्या भावानं केले म्हनून.” त्या हसल्या. “कातडीच्या डाक्टरनं पट्ट्या लावून पाहिल्या. म्हने, रबराचं काई नाई, सिस्टर. रबरात जे औषध घालतेत, त्याचं हाये. मी दादाले थे सांगितलं नसतं. पन दादा हातच पाहाते ना आधी.”

ते कळल्याच्या दिवशीच सरांनी जुन्या कृतीचे पातळ, दवाखान्याचे हातमोजे बंद करायचे ठरवले. एकदम ते जमले नाही. हातात घेतलेला माल पुरा करणे भाग होते. पण बहिणीच्या दारी त्यांनी त्यानंतर आपल्या हातमोज्यांचा डबा नेला नाही. बाहेरून आलेले, त्वरकाशिवाय बनवलेले कृत्रिम रबराचे मोजे त्यांनी तिला आणून दिले होते. ते कधी मिळत, कधी नाही. शिवाय ताईंना त्यात काम करवत नसे. “याच्यात बोटं बहिरी होतेत, दादा,” असे त्या म्हणाल्या होत्या. बाळाचे डोके कुठे आहे, नाळेचा ठोका चालतो की मंदावतो, हे ज्यांना बोटांच्या टोकांनी ऐकावे लागते, त्यांच्याच तोंडी हा शब्द येऊ शकतो.

मी रुजू झाले तेव्हा या साऱ्याला एक मुदत आली होती. ताईंच्या हातांची अवस्था पाहून त्यांना प्रसूतिकक्षातून काढून अभिलेख विभागात बसवण्याचे ठरत होते. उन्हाळा संपेपर्यंत हात बरे नसले तर बदली होणार होती. त्यांच्या आयुष्यात दुसरे काही नव्हते असे मी म्हणणार नाही. घर होते, विहारातल्या बायकांचा मेळा होता, अंगणात मोगरा होता. पण त्या प्रसूतिकक्षाबद्दल बोलत तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे.

म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्याकडे घाई होती, आणि सर घाई करत नव्हते. मोज्यांचे साचे म्हणजे चिनी मातीचे पांढरे हात; ते रांगेने चिकात उतरत, दुधाळ थेंब सांडत वर येत, भट्टीत जात. भट्टी उघडली की पहिला हातमोजा माझ्याकडे. मी सांगायची: “कोबी आहे अजून.” सर भट्टीचा वेळ वाढवत. “कोबी नाही, पण औषधाचे कपाट आहे.” पुन्हा बदल. एके दिवशी मी म्हणाले, “उन्हात वाळवलेल्या कोऱ्या कापडासारखा.” सरांनी टेबलावर हात आपटला. भट्टीवर त्यांनी छताला भोके पाडून मोठाले पंखे बसवले होते. “जे निघून जाते थे वाऱ्यासंगं गेलं पायजे, बायायच्या छातीत नाई,” असे ते म्हणत, आणि पंखा बंद असताना भट्टी उघडणाऱ्याला दिवसभर कूलरच्या पाण्याच्या बादल्या वाहायला लावत.

कोऱ्या कापडाचा वास आल्यावरही मोजा ताईंकडे गेला नाही. सर तो स्वतःच्या दंडावर बांधून फिरत होते. त्यांच्या कातडीला काही झाले नाही. जुन्या मोज्यांनीही कधी झाले नव्हते. ज्या कातडीने एकदा तो दाह ओळखला आहे, तीच खरा निर्णय देऊ शकते, हे त्यांना माहीत होते, आणि म्हणूनच ते थांबले होते. आणखी एक धुणे, आणखी एक बदल. मी एकदा धीर करून विचारले तेव्हा ते म्हणाले, “येकडाव जाळले तिचे हात. पुन्हा माह्याच हातानं?”

शेवटी ताईच आल्या. भर दुपारी, ड्यूटी आटोपून, पांढऱ्या गणवेशावर ओढणी गुंडाळून त्या कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडे धुण्याच्या हौदावर एक मावशी होत्या, त्यांनी लगबगीने पाणी दिले. ताई पाणी प्यायल्या, आणि त्यांनी धुऊन टांगलेल्या मोज्यांच्या रांगेतला एक ओढून काढला.

“ठेव थो,” सर म्हणाले.

“काहून? कोनाच्या हातावर पाहाशीन मंग? माह्यासारखी दुसरी कोन हाये तुह्या घरी?”

“अजून धुवाचं हाये. अजून—”

“दादा, बदलीचा कागद आला तं तू धूतच बसशीन. कात्री दे.”

त्यांनी स्वतः मोज्याचा तुकडा कापला, दंडाच्या आतल्या, निरोगी कातडीवर ठेवला आणि चिकटपट्टी लावली. सिस्टरचे हात होते ते; फाटलेले असूनही त्या पट्टीला एक सुरकुती पडली नाही.

असा दाह लगेच उमटत नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात. पट्टी काढल्यावर ताईंनी मोबाइलवर फोटो पाठवला, तो सरांनी उघडलाही नाही. “फोटोत लाल खोटा येते,” ते मला म्हणाले. “तू जा. डोयानं पाहून ये.”

मी गेले. ताईंनी बाही वर केली. मोज्याच्या तुकड्याएवढाच, नेमका चौकोन, डाळिंबाच्या दाण्यांसारखा बारीक बारीक उठलेला. त्या म्हणाल्या, “दादाले सांगजो, जास्त नाई.”

मी सरांना तसेच सांगितले, आणि कसा दिसतो तेही सांगितले. ते म्हणाले, “भट्टीतून निघाला थ्या वक्ती तू म्हनली होती, कोऱ्या कापडासारखा.”

“हो.”

“मंग?”

दोरीवर त्याच खेपेचे मोजे अजून लटकत होते. केवळ काहीतरी करायचे म्हणून मी एक काढला आणि नाकाशी धरला. कोरे कापड होते. पण त्याच्याखाली, तळाशी बसल्यासारखे, दुसरे काही होते. मासळी आणलेली पिशवी धुऊन वाळवली तरी जे उरते, ते. हा वास माझ्या ओळखीचा होता. जुन्या मोज्यांचा होता.

“सर, यात दोन वास आहेत.”

आजवर मी प्रत्येक मोजा भट्टीतून निघतानाच हुंगला होता, कारण सरांना पाहुणा गेला की नाही एवढेच जाणून घ्यायचे असे. भट्टीनंतर मोजे हौदातल्या गरम पाण्यात धुतले जात. धुतल्यानंतर हुंगावे, हे आम्हा कुणाच्या डोक्यात आले नव्हते. धुतलेले म्हणजे स्वच्छ, हे इतके उघड होते.

आणि हौद एकच होता. अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येईल हे उन्हाळ्यात कुणी सांगत नाही. विहिरीचे पाणी खारे, ते चिकाला चालत नाही. इथल्या माणसाला पाणी ओतून देणे शिकवावे लागेल, इतके ते त्याच्या हाताविरुद्ध आहे. तांदूळ धुतलेले झाडाला, कपडे धुतलेले अंगणाला. सरांनीच नियम घातला होता की हौद एका खेपेनंतर रिकामा करायचा नाही. गढूळ दिसेपर्यंत त्याच पाण्यात माल काढायचा. जुन्या कृतीचे, हातात घेतलेले मोजे सकाळी त्यात धुतले जात, आणि दुपारी नवे. जुन्यांतून सुटलेले सगळे पाण्यात उतरून वाट पाहत असे, आणि नवे मोजे ते निमूट पिऊन घेत. ज्याला आम्ही महिनोन् महिने भट्टीतून घालवत होतो, त्याच्याच भावंडाला आम्ही हौदातून परत बोलावत होतो.

सर उठले. हौदाशी गेले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि काही क्षण तसाच ठेवला. मग खाली वाकून त्यांनी सांडपाण्याच्या टाकीकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडला.

मावशी धावत आल्या. “अवो सर! पानी! पानी चाललं ना सारं!”

“जाऊ द्या.”

“अवो, नळाचा भरवसा नाई! निरा झाक, नितळ होतं पानी, पाहा तं!”

“मावशी,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी त्याआधी तसा ऐकला नव्हता, “थे झाक दिसते. मलेबी झाकच दिसलं.”

हौद रिकामा होताना जो आवाज झाला तो मला आजही आठवतो; तहानलेल्या माणसाने घाईने पाणी प्यावे तसा. मावशींनी पदर तोंडाला लावला होता. वैशाखाच्या त्या दुपारी अकोल्यात भरला हौद सोडून देणाऱ्या माणसाकडे आम्ही सगळे गुन्हा पाहावा तसे पाहत होतो.

ताईंचा दंड निवायला दिवस लागले, आणि निवल्याशिवाय दुसरी परीक्षा शक्य नव्हती. तेवढ्यात बदलीचा कागद आला. ताई अभिलेख विभागात बसू लागल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यांमध्ये, पंख्याखाली, हातांवर मलम लावून बसल्या होत्या. खोलीला कागदाच्या धुळीचा आणि डिंकाचा वास होता. वरच्या मजल्यावरून एका बाळाचे रडणे आले, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि ते थांबेपर्यंत खाली केली नाही. “लवकर रडलं. चांगलं हाये,” त्या म्हणाल्या. मग, गठ्ठा बांधता बांधता, “कागदाले नाळ नसते वं, पोरी.”

वेगळा हौद बांधला. टँकरने पाणी आले. जुनी कृती त्या आठवड्यात कायमची थांबली. राहिलेल्या गिऱ्हाइकाचे बोलणे सरांनी खाली मान घालून ऐकले. मोजे आता भट्टीनंतर एकदा आणि धुण्यानंतर पुन्हा एकदा माझ्याकडे येऊ लागले. दुसऱ्या खेपेला ताईंच्या दंडावर पट्टी मी लावली, आणि तिसऱ्या दिवशी मीच काढली. खाली फक्त पट्टीच्या कडेची फिकट रेघ होती. मी बोट फिरवले. कातडी थंड, मऊ, गप्प होती. ताई खिडकीजवळ गेल्या आणि त्यांनी दंड उजेडात फिरवून पाहिला. सरांना मी फोन केला. पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी फोन ठेवला.

पावसाळ्यानंतर, हात पुरते भरल्यावर, मेट्रनने ताईंना प्रसूतिकक्षात परत घेतले. मी एकदाच तिथे दारातून पाहिले आहे. ताईंची बोटे पातळ, पिवळसर रबरातून दिसत होती, जणू त्यांचीच दुसरी त्वचा. आणि त्यांच्या ओंजळीत एक ओले, निळसर डोके होते, जे माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झाले.

बाकी जग मात्र बदलले नाही. नव्या कृतीचा मोजा महाग पडे, भट्टीत जास्त वेळ राही, धुण्याला जास्त पाणी मागे. दवाखान्यांच्या खरेदीत तो टिकेना. शेतातल्या फवारणीचे जाड मोजे सरांनी नव्या कृतीने सुरू केले आणि त्यावर कारखाना जेमतेम चालला. पातळ मोजे मात्र ते महिन्यातून एकदा, एकाच मापाचे, साडेसहा नंबरचे, एकाच बाईसाठी करत. त्या दिवशी सगळे चूल सारवल्यासारखे स्वच्छ केले जाई. बायका चिनी मातीचे हात पुसता पुसता म्हणत, “आज ताईचा दिवस हाये, बडबड करू नोका.” संध्याकाळी ते डबे मी गाडीने अमरावतीला नेत असे. सरांनी ते स्वतः कधी नेले नाहीत.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. पुढच्या महिन्यात तो दिवस आला तेव्हा बायका सवयीने हात पुसायला बसल्या. सर आले, उभे राहिले, आणि म्हणाले, “गुंडाळून ठेवा.” एवढेच. ते आता थकले आहेत. पिंपावर वाकताना टेबलाचा आधार घेतात. त्या दिवशी ते दुपारपर्यंत कूलरसमोर बसून राहिले, पिंपाच्या शेजारी, आणि पिंपात काही कालवायचे नव्हते.

मी पत्रे लिहीत होते तेव्हा दारात ताई दिसल्या. मागे एक तरुण मुलगी होती, गणवेशात, दोन्ही हात ओढणीच्या घोळात लपवलेले. नुकतीच प्रसूतिकक्षात रुजू झालेली, मूळची चांदूर रेल्वेची, असे ताईंनी सांगितले.

“दाखव,” ताई तिला म्हणाल्या.

मुलगी जागची हलली नाही. “सर वरती कळवतीन, मॅडम. माही नोकरी कच्ची हाये.”

“हे कळवनारे सर नोयेत. दाखव.”

तिने ओढणीतून हात काढले. सर खुर्चीवरून उठले, तिच्या चेहऱ्याकडे न पाहता त्या हातांवर वाकले, आणि तिला स्पर्श न करता कितीतरी वेळ पाहत राहिले. सांध्यांवरच्या भेगा अजून ताज्या होत्या.

“कवापासून?”

“दिवाळीपासून.”

“हिचा हात माह्याहून मोठा हाये, दादा,” ताई म्हणाल्या. “सात लागन.”

मावशी हौदाजवळून ऐकत होत्या. “सात नंबर? अवो, नव्या कृतीच्या पातळ मोज्यासाठी आपन सात कधी काढलेच नाई.”

“मंग आज काढा,” सर म्हणाले.

मावशींनी शिडी लावली. माळ्यावरून धुळीची एक गोणी ओढली गेली, आणि आत चिनी मातीचे हात एकमेकांवर वाजले.